वडिलांच्या डायऱ्या आणि गाईडचा शोध

वाचक विचारतात

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं पीएचडीची आहेत. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यातली चौदा वर्षं गाईड, म्हणजे पीएचडीची मार्गदर्शक, होते. सात जणांचे प्रबंध पूर्ण झाले, दोघांचे झाले नाहीत. ते नऊही जण डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं देते आहे.

पत्र पहिलं

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षांची आहे. माहेर निफाड तालुक्यात, सासर नाशिकला सिडकोत. भूगोलात एम.ए. केलं, ६१ टक्के मिळाले. नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झाले आहे, त्यातली संशोधनाची फेलोशिप, जेआरएफ, थोडक्यात हुकली. सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. पैसे तासांप्रमाणे, आणि ते हातात पडतात कधी दिवाळीनंतर, कधी थेट मार्चमध्ये. मुलगी चार वर्षांची आहे.

पीएचडी करायचं मनात आहे, पण गाईडपाशी अडलंय. पुण्याचे एक सर आहेत, त्यांचं नाव मोठं आहे. दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा भेट झाली नाही, दुसऱ्यांदा दहा मिनिटं मिळाली. म्हणाले, ‘जिल्ह्यातल्या जमीनवापराचा बदल उपग्रह चित्रांवरून कर. विषय तयार आहे, माझे सगळे विद्यार्थी हेच करतात.’ दुसरे सर नाशिकचेच, मला एम.ए.ला होते, स्वभावाने फार चांगले. दीड वर्षात निवृत्त होतील. म्हणाले, ‘तू माझ्याकडे नाव घाल, नंतर कोणाकडे तरी वर्ग करू.’ तिसऱ्या एक मॅडम आहेत, माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या. गाईडशिप मिळून वर्ष झालंय, एकच विद्यार्थी आहे. सगळे म्हणतात, नव्या गाईडकडे जाऊ नको, व्हायव्हाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, वजन पडत नाही.

मिस्टर म्हणतात, कर, पण त्यानंतर कायमची नोकरी लागणार का ते आधी बघ. सासूबाई काही बोलत नाहीत. वडील मात्र खूश आहेत. ते बारावी शिकलेले, पण द्राक्षबागेतल्या छाटणीच्या, फवारणीच्या, पावसाच्या तारखा रोज डायरीत लिहितात. बावीस वर्षांच्या डायऱ्या आहेत घरात.

कोणाकडे जाऊ? आणि मुळात जाऊ की नको?

– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर

तुझ्या पत्रात तिन्ही गाईडबद्दल भरभरून लिहिलंय आणि डायऱ्यांबद्दल दोन वाक्यं. मी त्या दोन वाक्यांपाशीच थांबले. रात्री पत्र पुन्हा काढलं आणि तेवढीच वाचली. एकाच बागेत, एकाच हाताने, बावीस वर्षं रोज केलेल्या नोंदी! पावसाचे आकडे हवामान खात्याकडे मिळतील, द्राक्षाखालचं क्षेत्र कृषी खात्याकडे मिळेल. पण पाऊस लागला त्या रात्री तुझ्या वडिलांनी काय ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी पंपात काय भरलं, ते त्या डायरीतच आहे. तिच्याकडे मी परत येते.

नियमानेच जे सुटतं ते आधी सोडवून टाकू. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे नवे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर त्या गाईडला नवा विद्यार्थी घेता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. हाताखालचे विद्यार्थी ते निवृत्तीपर्यंत सांभाळू शकतात, नंतर वयाच्या सत्तरीपर्यंत सह-मार्गदर्शक राहू शकतात, पण नवं नाव घेता येत नाही. म्हणजे तुझ्या नाशिकच्या सरांचा प्रश्न तुझ्या हातात उरलेलाच नाही. त्यांना हा नियम दाखव, वाईट वाटून घेऊ नकोस, आणि त्यांच्याकडे दुसरं काही माग. वाचायला काय घेऊ ते विचार, शेतकऱ्यांमधल्या त्यांच्या ओळखी माग, आणि मसुदा तयार झाला की एकदा वाचाल का ते विचार. ‘नंतर वर्ग करू’ या शब्दावर मात्र नाव घालू नकोस. माझ्याकडे अशी एक मुलगी वर्ग होऊन आली होती. तिचा विषय मी निवडलेला नव्हता आणि माझी कामाची पद्धत तिने निवडलेली नव्हती. पहिलं दीड वर्ष आम्ही दोघी एकमेकींची समजूत काढण्यात घालवलं.

आता पुण्याचे सर. त्यांच्याकडे जागा आहे का, हे विचारलंस का? प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार. मोठ्या नावाच्या गाईडकडे बहुतेक वेळा जागा भरलेल्या असतात. एखादा प्रबंध सादर होईपर्यंत थांबायचं, एवढाच त्या होकाराचा अर्थ असतो. तेव्हा हा प्रश्न आधी विचार, आणि संकोच न करता विचार.

त्यांनी दिलेला विषय वाईट नाही. प्रयोगशाळेच्या विषयांत तर गाईडनेच विषय द्यायचा अशी रीत आहे. रसायनशास्त्रात यंत्र गाईडच्या प्रकल्पातलं, पैसा त्याच प्रकल्पाचा, आणि विद्यार्थी त्यातला एक तुकडा उचलतो. आपल्या विषयात तसं बांधलेलं नसतं. म्हणून ‘सगळे हेच करतात’ हे वाक्य मला खटकलं. ते तपासून बघता येतं. शोधगंगा या संकेतस्थळावर जा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं आणि देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. सरांचं नाव घालून त्यांच्या विद्यार्थ्यांचे चार प्रबंध उघड आणि अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेव. प्रकरणं तीच, तक्ते तेच आणि तालुक्याचं नाव तेवढं वेगळं असेल, तर तुझ्या वाट्यालाही एक तालुका येणार. चारही जणांनी चार वेगळ्या गोष्टी शोधल्या असतील, तर माझी शंका खोटी, आणि सर खरोखर मोठे. मग ऋणनिर्देशाचं पान वाच. तिथे बहुतेक सगळे गाईडचे आभार मानतातच, पण ‘सरांनी प्रत्येक प्रकरण तीनदा तपासलं’ असं लिहिणारा विद्यार्थी आणि ‘सरांचे आशीर्वाद सदैव पाठीशी होते’ असं लिहिणारा विद्यार्थी, दोघांना काय मिळालं ते कळतं.

त्यानंतर त्यांच्या आत्ताच्या दोन विद्यार्थ्यांना गाठ. सर कसे आहेत, असं विचारू नकोस. त्याचं उत्तर कोणीही ‘चांगले आहेत’ असंच देईल. विचार की शेवटचं प्रकरण तुम्ही कधी दिलंत आणि ते परत कधी मिळालं. कोणी मध्येच सोडून गेलं असेल तर त्याचा नंबर मिळव. त्याच्याशी झालेलं अर्ध्या तासाचं बोलणं तुझी दोन वर्षं वाचवू शकतं.

हे मी एवढ्या पोटतिडकीने सांगते आहे, त्याला कारण आहे. १९९० मध्ये मी तेहतीस वर्षांची होते, दोन मुलं होती, आणि माझ्या पहिल्या गाईडचं नावही मोठं होतं. विषय माझा मीच घेतला होता : बागलाणातल्या मोसम नदीकाठची फड पद्धत. नदीवर छोटा बंधारा, तिथून पाट, आणि गावाची ओलिताची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामात एकच पीक, मग त्यात मालक कितीही असोत. पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. मी सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीने नामपूरच्या बाजूला जायची आणि रात्री परत यायची. पहिलं प्रकरण लिहून दिलं, ते गाईडच्या घरी एका स्टुलावर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली अकरा महिने पडून होतं. मी दर महिन्याला जायची आणि चहा घेऊन परत यायची. गठ्ठ्यातून डोकावणारा पिवळ्या फाईलचा कोपरा मला दिसायचा. शेवटी प्रकरण परत आलं. त्यावर एकही खूण नव्हती. ‘छान आहे, पुढचं लिहा’, एवढंच.

मी गाईड बदलला. लोकांनी वेड्यात काढलं, घरी वाद झाले, अडीच वर्षं पाण्यात गेली असं सगळ्यांना वाटलं. नव्या गाईडबाई फारशा कोणाला माहीत नव्हत्या. तेच प्रकरण त्यांना दिलं. पंधराव्या दिवशी परत आलं ते पेन्सिलीने भरलेलं. मी लिहिलं होतं, ‘पाणी कमी असेल त्या वर्षी सगळे मिळून एक फड पड ठेवतात, त्यामुळे भांडणं होत नाहीत.’ समासात त्यांनी विचारलं होतं, ‘हे पाटकरी म्हणाला, की तुम्हाला वाटलं?’

मला वाटलं होतं. मी परत गेले, म्हाताऱ्या पाटकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘भांडणं होतात की बाई. पन पानी यायच्या आधी होतात, बैठकीत. पाटावर नाही होत.’ माझ्या प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या एका उत्तरातून निघालं. गाव पाणी वाटण्याच्या आधी भांडण कसं वाटून घेतं, त्याचं प्रकरण. समासात तो प्रश्न आला नसता तर मी ते खोटं वाक्य घेऊन डॉक्टर झाले असते.

म्हणून गाईड कसा ओळखायचा, असं मला विचारलंस तर माझं उत्तर एकच आहे : त्यांना तुझा लिहिलेला कागद दे आणि तो कसा परत येतो ते बघ. भेटीत सगळेच चांगलं बोलतात. तू अजून एकालाही कागद दिलेला नाहीस. तिघांना तू नुसती भेटली आहेस.

तर आता डायऱ्यांकडे. येत्या सुट्टीत माहेरी जा आणि दोन पानं लिही, जास्त नकोत. बावीस वर्षांतल्या ऑक्टोबर छाटणीच्या, म्हणजे गोडी छाटणीच्या तारखा एकाखाली एक मांड. शेजारी, छाटणीपासून फुलोरा संपेपर्यंत पाऊस किती दिवस लागला ते लिही. तिसऱ्या रकान्यात डाऊनी रोगासाठी किती फवारण्या झाल्या ते लिही. गळकुजीने माल गेला ती वर्षं खुणेने दाखव. मग खाली तुला काय दिसतं ते मराठीत साधं लिही. छाटणी पुढे सरकली आहे का? कधीपासून? वडिलांनी ती पावसाला भिऊन सरकवली, की व्यापाऱ्याच्या भावाला बघून, की मजूर त्याच आठवड्यात मिळतात म्हणून? सटाण्याकडचे अर्ली छाटणीवाले तर पावसाळ्यातच बाग छाटतात आणि पावसाची जोखीम भावासाठी अंगावर घेतात. निफाडच्या माणसाने तसं का केलं नाही? मी बाहेरून विचारते आहे. तू त्या घरातली आहेस, तुला याहून चांगले प्रश्न पडतील.

तीच दोन पानं पुण्याच्या सरांना पाठव आणि तीच त्या नव्या मॅडमना. महिनाभर थांब. कोणी उत्तर दिलं, काय विचारलं, ‘डायऱ्या बघायला मिळतील का’ असं कोण म्हणालं, ते बघ. मी गाईड असते तर पुढच्या रविवारी तुझ्या वडिलांच्या ओट्यावर येऊन बसले असते.

नव्या गाईडचं व्हायव्हाला वजन पडत नाही, हे जे तुला सांगितलं गेलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. प्रबंध गाईडखेरीज विद्यापीठाबाहेरच्या निदान दोन परीक्षकांकडे जातो. त्यांच्या हातात तुझी पानं असतात, गाईडचा दरारा नसतो. त्या मॅडमनी स्वतः पीएचडी करून आणि निदान तीन शोधनिबंध तपासणी होणाऱ्या नियतकालिकांत छापूनच ही मान्यता मिळवली आहे. शिवाय त्यांच्याकडे एकच विद्यार्थी आहे. त्यांच्याकडे वेळ असेल आणि तुझं काम चांगलं व्हावं ही त्यांचीही गरज असेल. त्यांच्यात अनुभव कमी पडला तर तुझे जुने सर आहेत ना वाचायला. मला विचारशील तर माझा कल तिकडेच आहे, पण कागद परत येईपर्यंत तो पक्का धरू नकोस.

मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना खरं उत्तर दे : नाही, पीएचडीने कायमची नोकरी लागेलच असं नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा राज्यपातळीवरची सेट वा स्लेट ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक आहे. तुझ्याकडे नेट आहे, म्हणजे आजही तू अर्ज करायला पात्र आहेस. अडचण जागा निघत नाहीत ही आहे आणि ती पीएचडीने सुटत नाही. सहयोगी प्राध्यापक व्हायला मात्र पीएचडी लागतेच, आणि मुलाखतीत तिचा उपयोग होतो. एवढं सांग, याहून जास्त आशा दाखवू नकोस.

पैशाचं मात्र काही करता येईल. जेआरएफसाठी वयाची मर्यादा तीस वर्षं आहे, पण स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. म्हणजे पस्तिशीपर्यंत तुझं दार उघडं आहे आणि नेट वर्षातून दोनदा होते. मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ, म्हणजे वरच्या टप्प्याची फेलोशिप, झाल्यावर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. तेव्हा तासिका सोडाव्या लागतील, कारण ती फेलोशिप पूर्णवेळ कामाची आहे. आपापल्या समाजगटाप्रमाणे सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएचडी फेलोशिप असतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. आणखी एक : जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ सोडून बाकी दोन गटांचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. तुझी नेट जुनी असेल तर विद्यापीठाची प्रवेशाची जाहिरात निघेल तेव्हा अट शब्दन् शब्द वाच.

मुदतीची भीती बाळगू नकोस. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळतात, म्हणजे एकूण दहा. प्रसूती किंवा मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे.

आणि सासूबाई. त्या काही बोलत नाहीत म्हणतेस. तू निफाडला डायऱ्या चाळत बसशील, कोर्सवर्कच्या तासांना जाशील, तेव्हा तुझी मुलगी त्यांच्यापाशी असणार. माझ्या सासूबाईंना मी सगळं ठरल्यावर सांगितलं होतं. त्यांनी मुलं सांभाळली, पण मनातून त्यांना ते लागलं, आणि मला ते फार उशिरा कळलं. तू त्यांच्याशी आधी बोल. आठवड्यातले कोणते दोन दिवस, किती महिने, ते नेमकं सांग आणि त्यांना ते झेपणार आहे का ते विचार.

जाऊ की नको? सुट्टी संपेपर्यंत ती दोन पानं लिहून झाली तर जा. बसलीस आणि तक्ता भरतानाच कंटाळा आला, तर हे वर्ष जेआरएफच्या अभ्यासाला दे आणि पुढच्या छाटणीला पुन्हा बसून बघ.

पत्र दुसरं

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो. वय ४७. बी.ई. आणि नंतर एम.बी.ए., ५८ टक्के. नावामागे डॉक्टर लागावं ही खूप जुनी इच्छा आहे. एका ओळखीच्यांनी एजंट गाठून दिला. तो म्हणतो, परदेशी विद्यापीठाची पीएचडी ऑनलाईन, दोन वर्षांत, प्रबंधही तेच लिहून देतील. पैसे भरायची माझी तयारी आहे. यात धोका आहे का?

– एक वाचक, अंबड

उत्तर

आहे. पैसे भरू नका.

आपल्याकडे तीन वर्षांच्या आत पीएचडी होतच नाही, आणि दूरस्थ पद्धतीने ती देता येत नाही. परदेशी संस्थांशी सहकार्य दाखवून ऑनलाईन पीएचडी विकणाऱ्या कंपन्यांना मान्यता नाही, असा इशारा यूजीसी आणि तंत्रशिक्षणाची परिषद एआयसीटीई या दोघांनी मिळून ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला आहे. आणि प्रबंध दुसऱ्याने लिहिलेला असेल तर तो तुमचा नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणूनच पत्र लिहिलंत.

सरळ वाट तुम्हाला खुली आहे आणि ती तुमच्या आवाक्यातली आहे. पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, तुम्हाला ५८ आहेत. वयाची अट नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी कारखान्याचं ना-हरकत पत्र लागतं : अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं त्यात लिहून द्यावं लागतं. हे पत्र मिळवणं हीच तुमची पहिली परीक्षा. मालकांनी ‘बघू’ म्हटलं तर पुढे जाऊ नका, आधी त्यांच्याशी बसून बोला. नेट नसेल तर प्रवेशाची परीक्षा द्यावी लागेल, आणि तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात. ही पद्धत तुम्ही कधी शिकला नसाल, तेव्हा सहा महिने आधी सुरुवात करा. सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, बसायला जागा आहे आणि शांतता आहे. माझे एक विद्यार्थी ड्यूटी संपवून संध्याकाळी तिथेच अभ्यास करायचे.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखही नाही, ती मला हवी होती. तुम्ही रोज शॉप फ्लोअरवर आहात. तिथे असं काय आहे जे तुम्हाला आजवर उलगडलेलं नाही? एका पाळीत रिजेक्शन वाढतं आणि दुसऱ्या पाळीत का नाही, कंत्राटी कामगार शिकून तयार होतो आणि नेमका तेव्हाच का सोडून जातो, असं काही? सातपूर-अंबडच्या कारखान्यांवर लिहायला तुमच्याइतकी जवळची माणसं थोडी आहेत. असा एक प्रश्न दोन पानांत मांडा, वरच्या ताईंना सांगितलं तसंच, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या संशोधन केंद्रात घेऊन जा. असा प्रश्न सापडलाच नाही, तर तुम्हाला पदवी हवी आहे, संशोधन नको आहे. मग त्यात पाच-सहा वर्षांच्या रविवारांचा बळी देऊ नका.

पत्र तिसरं

माझा मुलगा रसायनशास्त्रात पीएचडी करतो, तिसरं वर्ष चालू आहे. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, आई, मी सोडतो. कारण नीट सांगत नाही. सर रागावतात एवढंच म्हणतो. गावात सगळ्यांना सांगून बसलो आहोत की पोरगा डॉक्टर होणार. त्याचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत. मी काय करू?

– एक आई, येवला

उत्तर

ताई, आधी त्याच्या वडिलांना बोलतं करा. सोडणार की राहणार, हे तो घरातल्या अबोल्यात ठरवू शकणार नाही.

मग त्याला दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. काम आवडेनासं झालंय का? की त्या माणसाकडे जाववत नाही? आपली मुलं या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात सांगतात, ‘सोडतो’. त्याला विचारा, प्रयोगशाळेत शेवटचं काय मनासारखं जमलं होतं. तुम्हाला त्यातलं रसायन कळणार नाही, पण सांगताना त्याचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला कळेल, माझ्यापेक्षाही जास्त.

काम आवडत असेल आणि त्रास गाईडचा असेल, तर उपाय आहेत. प्रत्येक सत्रात त्याला संशोधन सल्लागार समितीपुढे कामाचा अहवाल मांडावा लागतो. त्या समितीत गाईडखेरीज आणखी माणसं असतात. त्यांच्यातल्या एखाद्याला त्याने एकट्याने भेटावं. तीन वर्षांत किती वेळा काय मांडलं, काय शेरे मिळाले, त्याचे कागद एका फाईलमध्ये लावावेत. गाईड बदलून मिळण्याचा अर्ज संशोधन केंद्राच्या प्रमुखांमार्फत करता येतो. तो लेखी करावा, रागाचे शब्द न घालता, तारखा घालून. सर रागावतात म्हणजे नेमकं काय, हेही हळूच विचारा. चूक दाखवताना आवाज चढणं वेगळं, आणि अपमान करणं, घरची कामं सांगणं, पैसे मागणं वेगळं. यातलं काही असेल तर त्याला एका दिवसासाठीही ‘सहन कर’ म्हणू नका.

कामच नकोसं झालं असेल, तर त्याला येऊ द्या. माझ्याकडचे दोघं पूर्ण करू शकले नाहीत, असं मी सुरुवातीला लिहिलं. त्यातला एक मुलगा दुसऱ्याच वर्षी म्हणाला होता, मॅडम, माझं मन लागत नाही. मी त्याला समजावलं, थांबवलं, आणखी दीड वर्ष ओढलं. मला वाटत होतं, मी त्याच्या भल्याचं करते आहे. शेवटी तो गेलाच, आणि त्या दीड वर्षात त्याची झोप गेली, तब्येत गेली. ती माझी चूक होती आणि मी त्याच्यापाशी ती कबूल केली. आज तो भूजलाच्या कामात आहे. विहिरींच्या पातळ्या मोजत गावोगाव फिरतो आणि अजूनही कधी कधी आकडे घेऊन माझ्याकडे येतो.

गावाला काय सांगायचं त्याची काळजी आत्ता करू नका. विचारलंच कोणी तर ‘काम चालू आहे’ म्हणा, ते खोटं नाही. त्याला आठवडाभर घरी बोलवा, पोटभर जेवू घाला, पहिले दोन दिवस विषयही काढू नका. समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारून ठेवा. निर्णय त्या बैठकीनंतर घे, एवढंच त्याला सांगा. त्याआधी कोणाशी बोलावंसं वाटलं तर मासिकाकडून माझा नंबर घ्यायला सांगा. रविवारी सकाळी मी घरीच असते.